लाल मूठ आणि निघण्याचा निर्णय

(ठाण्यात वैमानिकी शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि इतर श्रोते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

सिरस या अमेरिकन कंपनीच्या छोट्या विमानात पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, डोक्यावर, छताला एक लाल मूठ असते. तिच्यावर झाकण असतं. झाकण काढायचं, मूठ दोन्ही हातांनी धरायची आणि सरळ खाली ओढायची. जोर वीस किलोच्या आसपास लागतो, त्यामुळे एका हाताने हिसका देऊन भागत नाही. मूठ ओढली की सामानाच्या कप्प्यामागचं एक घन इंधनाचं रॉकेट पेटतं, मागचं आवरण फोडून बाहेर पडतं आणि पॅराशूटची पिशवी सोबत ओढून नेतं. पॅराशूट एका दणक्यात उघडलं तर दोऱ्या तुटतील, म्हणून दोऱ्यांवर एक कडं बसवलेलं असतं. ते हळूहळू खाली सरकतं आणि तेवढ्याच गतीने कापड फुगतं. सुरुवातीला विमान नाक खाली करून लटकतं. सुमारे आठ सेकंदांनी मागची आखूड बांधलेली दोरी आपोआप कापली जाते, शेपटी खाली येते आणि विमान जवळपास सपाट होतं. मग अख्खं विमान, माणसांसकट, मिनिटाला साधारण १,७०० फुटांच्या वेगाने जमिनीवर येतं. साडेतीन-चार मीटर उंचीवरून सोडून दिल्यावर जेवढा दणका बसेल तेवढा बसतो. तो चाकांचे दांडे आणि आसनाखालचा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार थर चेपून शोषून घेतात. विमान बहुतेक वेळा पुन्हा उडण्यालायक राहत नाही. माणसं मात्र राहतात.

ही कल्पना उगाच आलेली नाही. कंपनीच्या दोन संस्थापक भावांपैकी अ‍ॅलन क्लापमायर यांच्या विमानाची १९८५ मध्ये हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. पंखाचा भाग गेलेलं विमान त्यांनी कसंबसं उतरवलं. दुसऱ्या विमानाचा वैमानिक वाचला नाही. पुढे स्वतःचं विमान बनवताना पॅराशूट हवंच, असं त्यांनी ठरवलं. ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सासमध्ये दुरुस्तीनंतर उडालेल्या एका सिरसचं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, बिजागरीवरून निखळलं, वैमानिकाने मूठ ओढली आणि तो सुखरूप खाली आला. तेव्हापासून आजवर या मुठीने अडीचशेहून जास्त माणसं वाचवली आहेत.

इतकं असूनही पहिल्या काही वर्षांत या विमानांच्या प्राणघातक अपघातांचा हिशेब मांडला गेला तेव्हा तो चांगला निघाला नाही. पॅराशूट नसलेल्या साध्या, जुन्या विमानांच्या तुलनेत तो ठळकपणे खाली असायला हवा होता, आणि तसा तो नव्हता. आजचा विषय इथून सुरू होतो. सुरक्षेची साधनं वाढली की वैमानिक बेफिकीर होतो का?

सोपं उत्तर तयारच आहे. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मोटारींबद्दल असं मांडलं की सुरक्षेचे नियम आले तसे चालक जास्त धोका पत्करू लागले आणि नियमांचा बराचसा फायदा त्यातच विरघळला. त्याच्या आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाले. जर्मनीत म्युनिकमध्ये काही टॅक्सींना एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारे ब्रेक बसवले आणि काहींना नाही. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत, त्यांचे चालक वळणं जास्त जोरात घेऊ लागले आणि पुढच्या गाडीच्या जास्त जवळून जाऊ लागले. आपल्याकडे पामबीच रोडवर रात्री अकरानंतर उभे राहिलात तर हाच प्रयोग रोज फुकटात बघायला मिळेल.

पण मोटारीवरून विमानाकडे उडी मारताना एक फरक सुटतो. मोटारचालक त्याला मिळालेली सुरक्षेची शिल्लक थोडी थोडी, प्रत्येक वळणावर खर्च करतो. वैमानिक ती बहुतेक एकरकमी खर्च करतो, आणि तीही जमिनीवर, इंजिन सुरू व्हायच्या आधी. 'निघू या, दिसेल तसं बघू' असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ती मूठ, समोरचा माहितीचा पडदा, विमान आपोआप सांभाळणारा ऑटोपायलट हे सगळं हिशेबात धरलेलं असतं. अपघाताच्या अहवालात शेवटच्या दोन मिनिटांची चर्चा असते. निर्णय दोन तास आधीच झालेला असतो.

आणि याच्या उलटी एक गोष्ट आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तोच वैमानिक हवेत खरोखर अडकला की ते साधन वापरत नाही. सिरसच्या जुन्या प्राणघातक अपघातांत पॅराशूट न ओढता माणसं गेली, पुरेशी उंची असताना गेली, असं पुन्हा पुन्हा आढळलं. म्हणजे जमिनीवर त्या साधनावर नको इतका भरवसा आणि हवेत हवा तितकाही नाही. याला नुसता 'अति-आत्मविश्वास' म्हटलं तर अर्धाच आजार कळतो आणि औषध चुकतं.

आता एकेक साधन बघू.

ग्लास कॉकपिट तुमच्यापैकी बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत आहे. गार्मिनचा जी १००० संच २००४ पासून छोट्या विमानांत आला आणि आज आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलांतल्या सेसना १७२ आणि डायमंड डीए ४० मध्ये तो सर्रास दिसतो. गोल काट्यांच्या जागी दोन मोठे पडदे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००२ ते २००६ दरम्यान बनलेली आठ हजारांहून जास्त एक-इंजिनी विमानं त्यात होती, काही काट्यांची, काही पडद्यांची. २००६-०७ मध्ये एकूण अपघातांचा दर दोन्हींत जवळपास सारखा निघाला. प्राणघातक अपघातांचा दर मात्र काट्यांच्या विमानांत दर लाख उड्डाणतासांमागे ०.४३ आणि पडद्यांच्या विमानांत १.०३ होता.

हा आकडा ऐकून लगेच पडद्याला दोष देऊ नका. पडद्यांची विमानं लांबच्या प्रवासाला, ढगाळ हवेत, उपकरणांच्या आधाराने जास्त नेली जात होती. काट्यांची बरीचशी प्रशिक्षणात, एकाच धावपट्टीभोवती फिरत होती. प्रशिक्षणात आपटाआपटी होते, पण माणसं सहसा वाचतात. तरीही प्रश्न उरतोच, कारण ती विमानं त्या हवेत नेण्याचं धाडस पडद्यामुळेच आलं होतं का, हे आकडे सांगत नाहीत. अभ्यासाचा निष्कर्ष असा की नुसतं उपकरण बसवून सुरक्षा वाढली नाही, त्या विशिष्ट उपकरणाचं प्रशिक्षण हवं.

ते का हवं हे समजायला पडदा बिघडतो कसा ते बघा. दिशा आणि कल मोजणारं एकक गेलं तर पडद्यावर त्या जागी मोठी लाल फुली येते. हा प्रामाणिक बिघाड. तुम्ही खालच्या छोट्या राखीव उपकरणांकडे वळता. वीज बनवणारा अल्टरनेटर गेला तर सेसना १७२ मध्ये राखीव बॅटरी मुख्य पडदा साधारण अर्धा तास चालवते, तेवढ्यात उतरायचं. पण पिटो नळी तुंबली तर फुली येत नाही. पंखाखालची ही बारीक नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन वेग दाखवते. कुंभारमाशीला ती घर करायला फार आवडते, आणि पावसाळ्यात हँगरबाहेर उभ्या विमानात पाणी साचतं. नळीचं तोंड बुजलं आणि पाणी जायचं भोक उघडं राहिलं तर वेग शून्याकडे जातो, ते लगेच कळतं. दोन्ही बुजली तर वेगाची पट्टी उंचीमापकासारखी वागू लागते. विमान वर चढलं की वेग वाढलेला दिसतो. वैमानिक नाक आणखी वर करतो, वेग आणखी वाढलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात विमान स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल संपण्याकडे, चाललेलं असतं. पडद्यावर हा खोटा आकडा इतका स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत असतो की थरथरणाऱ्या काट्याबद्दल जी शंका आली असती ती येत नाही. उपाय जुनेच आहेत. उभ्या विमानाच्या नळीला लाल फीतवालं आवरण घालायचं आणि उड्डाणाआधी ते काढून नळी स्वतः वाकून बघायची. धावपट्टीवर धावताना वेगाची पट्टी हलू लागली की तोंडाने म्हणायचं. नाही हलली तर तिथेच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा, मागे.

हवामानाच्या चित्राबद्दल जरा जास्त बोलतो, कारण हा सापळा पायलटांपुरता नाही, तुमच्या खिशातही आहे. अमेरिकेत छोट्या विमानाच्या पडद्यावर जमिनीवरच्या रडारांचं एकत्र केलेलं पावसाचं चित्र येतं. त्याखाली 'दोन मिनिटांपूर्वीचं' असं लिहिलेलं असतं. वैमानिकाला वाटतं, पाऊस दोन मिनिटांपूर्वी तिथे होता. ते वय चित्र जुळवल्याचं असतं. त्याआधी वेगवेगळ्या रडारांनी आकाश चाळलं, माहिती एकत्र आली, पाठवली गेली, त्यात वेळ गेलेला असतो. प्रत्यक्ष पाऊस पंधरा-वीस मिनिटं जुना असू शकतो, असा इशारा एनटीएसबीने २०१२ मध्ये मुद्दाम काढला, कारण अशा चित्रातल्या 'फटीतून' जायला निघालेली विमानं वादळात सापडली होती. क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग, वीस मिनिटांत पूर्ण वेगळा होतो. मिनिटाला दोन नॉटिकल मैल जाणारं विमान तेवढ्या वेळात चाळीस मैल पुढे आलेलं असतं.

आपल्याकडे विमानात थेट चित्र देणारी तशी सेवा नाही. पण मुंबईच्या रडारचं चित्र मोबाइलवर बघून पाऊस मुंब्र्यापर्यंत आलाय की पारसिकच्या डोंगराअलीकडे, हे ठरवून ऑफिसातून निघणारे लोक या सभागृहात नक्की आहेत. ते चुकले तर भिजतात. एखादा विद्यार्थी त्याच सवयीने धुळ्याहून सह्याद्री ओलांडायला सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटा, निघाला तर गोष्ट वेगळी होते. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग बसलेला असतो, कसारा आणि माळशेजला घाटाचा पश्चिम उतार दिसतच नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. ढगाचा तळ त्याच्या खाली असला तर रडारवर पाऊस दिसो न दिसो, तिथून पलीकडे जाण्याचा रस्ता बंद आहे. रडार पावसाचे थेंब दाखवतं, ढगाचा तळ नाही, धुरकं तर नाहीच. जानेवारीत ठाणे खाडीवर सकाळी जे करडं धुरकं बसतं ते रडारला निरभ्र दिसतं. डोळ्यांनी उडण्याच्या नियमात पाच किलोमीटर दृश्यता, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट अंतर ठेवायचं असतं. ते मोजायला कोणताही पडदा मदत करत नाही.

आणि ढगात शिरल्यावर किती वेळ असतो? इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये वीस वैमानिकांवर प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेले सगळे, बाहेरचं दिसणं बंद केलं. वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. आतला कान सांगतो विमान सरळ आहे, आणि ते हळूहळू वळत, खाली जात असतं.

इथेच ऑटोपायलटचा युक्तिवाद येतो, आणि तो खोटा नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा धुक्यासारख्या हवेत समुद्रावर कोसळलं. दिशाभ्रम झाला, विमान गोल फिरत खाली गेलं. विमानात ऑटोपायलट होता. त्याने सरळ आणि समतल राखलं असतं. म्हणून तंत्रज्ञानाला नावं ठेवणाऱ्या जुन्या पिढीच्या लोकांना माझं सांगणं असतं की साधन न वापरल्यानेही माणसं मेली आहेत.

पण तोच ऑटोपायलट कसा फसवतो तेही शिका. उंची कायम ठेवण्याच्या मोडमध्ये त्याला फक्त उंची कळते. इंजिनाची ताकद कमी असेल, किंवा विमान खाली जाणाऱ्या हवेच्या प्रवाहात सापडलं असेल, तर उंची राखायला तो नाक वर करत जातो, ट्रिम, म्हणजे नाक वर-खाली धरून ठेवणारी जुळवणी, मागे फिरवत जातो, वेग कमी होत जातो. ज्या छोट्या विमानांत ऑटोथ्रॉटल नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांतच, तिथे ताकद वाढवणं तुमचंच काम. शेवटी स्टॉलच्या तोंडावर तो 'घे, सांभाळ' म्हणून सोडून देतो तेव्हा ट्रिम पूर्ण मागे असते. तुम्ही घाबरून पूर्ण ताकद देता, आणि त्या ट्रिमसह पूर्ण ताकद म्हणजे नाक आणखी वर. म्हणून ऑटोपायलट चालू असतानाही एक हात थ्रॉटलजवळ आणि दर मिनिटाला ट्रिमच्या खुणेकडे नजर. तो बंद करायचे सगळे मार्ग हाताला माहीत हवेत: लाल बटण, ट्रिमचं बटण, सर्किट ब्रेकर. तो ब्रेकर पॅनेलवर कुठे आहे हे डोळे मिटून बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बरेच विद्यार्थी पहिल्यांदा शोधत बसतात.

गार्मिनच्या नव्या संचांत ऑटोपायलट बंद असतानाही विमान ४५ अंशांपलीकडे कललं तर वैमानिकाच्या हातातला दांडा हलकेच उलट ढकलला जातो आणि कल तीसच्या आत येईपर्यंत तो जोर राहतो. 'लेव्हल' नावाचं निळं बटण दाबलं की विमान सरळ होतं. ही दोन साधनं मला मनापासून आवडतात. त्यांच्या भरवशावर कुणी ढगात निघाल्याचं ऐकायला मिळत नाही, कारण निघताना ती आठवतच नाहीत.

याच कारणासाठी डायमंड डीए ४० कडे बघा. त्याला पॅराशूट नाही. त्याच्या आसनांची आणि कवचाची रचना २६ जी, म्हणजे गुरुत्वाच्या २६ पट, धक्क्यासाठी आहे, इंधनाच्या टाक्या पंखातल्या दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये, म्हणजे आपटल्यावर सगळ्यात शेवटी फुटणाऱ्या जागी आहेत, आणि त्याचा स्टॉल मवाळ आहे. या विमानाचा सुरक्षेचा इतिहास छोट्या विमानांत उत्तम गणला जातो. आसन २६ जीचं आहे म्हणून आज निघू या, असं कुणी म्हणत नाही. वैमानिकाला दिसणारी, ज्याची मूठ किंवा पडदा त्याच्या समोर आहे अशी सुरक्षा निर्णयात घुसते. न दिसणारी घुसत नाही. उपकरण बनवणाऱ्यांनी याचा जितका विचार करायला हवा तितका केलेला दिसत नाही.

इंधनाचं थोडक्यात. पडद्यावर उरलेलं इंधन दशांशापर्यंत दिसतं. तो आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, वजा केलेला असतो. तुम्ही सुरुवातीला 'टाक्या भरलेल्या' असं सांगितलं, यंत्राने इंजिनात गेलेलं वजा केलं. टाक्या भरलेल्या नव्हत्या, किंवा झाकणातून इंधन गळतंय, तर यंत्राला ते कळणार नाही. सेसना १७२ एसमध्ये वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, म्हणजे साधारण २०० लिटर. शिडीवर चढून टाकीत डिपस्टिक घाला आणि तो आकडा स्वतः संचात भरा. मिनिटभराचं काम आहे, पण पडदा असला की तेच सगळ्यात आधी टाळलं जातं.

आता पुन्हा त्या मुठीकडे. लोक ती ओढत का नाहीत? विमान महाग असतं आणि मूठ ओढली की ते संपलं, हे एक. 'मला उतरवता आलं नाही' ही लाज दुसरं. तिसरं सगळ्यात मोठं: नेमकं कधी ओढायचं हे आधी ठरवलेलं नसतं. गोंधळात सापडलेलं डोकं नवा निर्णय घेत नाही. ते ओळखीचं काम करत राहतं, म्हणजे इंजिन पुन्हा सुरू करून बघ, धावपट्टी शोध, आणखी एकदा प्रयत्न कर. उंची तोवर गेलेली असते. सरळ उड्डाणात उघडायला जुन्या सिरसला ४०० फूट लागतात, नव्या जड मॉडेलला ५६१. एका फेरीच्या स्पिनमधून, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत पडताना, उघडायला जुन्याला ९२० आणि नव्याला १,०८१ फूट. हे चाचणीतले आकडे आहेत, उशिरा ओढणाऱ्याची गय करणारे नाहीत. वेगालाही मर्यादा आहे, जुन्या मॉडेलांत १३३ नॉट आणि नव्यांत १४० नॉटपर्यंत चाचणी झालेली आहे. गोल फिरत खाली जाणारं विमान हा वेग काही सेकंदांत ओलांडतं.

आता उतरण्याआधीचं शेवटचं वळण घ्या. धावपट्टीकडे वळताना उंची पाचशे फुटांच्या आसपास असते. वळण चुकलं, धावपट्टी ओलांडली जातेय असं वाटलं, की हात जास्त कल देतो आणि पाय शेपटीवरचं उभं सुकाणू, म्हणजे रडर, दाबतो. सेसना १७२ फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, वर असताना ४८ नॉटला स्टॉल होतं. ४५ अंश कलात तोच आकडा १९ टक्क्यांनी वाढून ५७ होतो, साठ अंशांत ४१ टक्के वाढून ६८. रडर जास्त असेल तर स्टॉल म्हणजे स्पिन. पाचशे फुटांवरच्या स्पिनला पॅराशूटचं उत्तर नाही, अंकगणितच बसत नाही. म्हणजे छोट्या विमानांत माणसं मरण्याच्या जुन्या, ठरलेल्या जागेवर ही लाल मूठ निरुपयोगी आहे. तिथे पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतोय हे दाखवणारं छोटं उपकरण जास्त उपयोगी, आणि त्याहून उपयोगी एक साधा नियम: त्या वळणात तीस अंशांपेक्षा जास्त कल लागत असेल तर ताकद देऊन पुन्हा फेरी मारायची.

सिरसचं चित्र पुढे पालटलं, ते मूठ बदलून नाही. कंपनीने आणि मालक-वैमानिकांच्या संघटनेने साधारण २०११ नंतर प्रशिक्षण बदललं. उड्डाणाआधी मोठ्याने बोलायचं: अमुक उंचीच्या खाली इंजिन गेलं तर समोरच उतरायचं. पाचशे-सहाशे फुटांपासून दोन हजारांपर्यंत काही बिघडलं तर विचार न करता मूठ. दोन हजारांच्या वर असाल तर दुरुस्तीचा प्रयत्न करा, पण दोन हजारांवर येईपर्यंत निर्णय. उडाल्यावर त्या उंचीला पोचताच फ्लॅप वर घेताना मुठीचं नाव घ्यायचं आणि हात तिच्याकडे नेऊन दाखवायचा. सिम्युलेटरमध्ये मूठ खरोखर ओढायची. ओढली म्हणून कुणाची चेष्टा करायची नाही, उलट जाहीर अभिनंदन करायचं. त्यानंतर मूठ ओढण्याचं प्रमाण वाढलं आणि प्राणघातक अपघात कमी झाले. विमान तेच, मूठ तीच.

यात ज्या अर्ध्याबद्दल कमी बोललं जातं तो म्हणजे निघण्याचा निर्णय. त्यासाठी कागदावरची एक रीत आहे. निघण्याआधी विमानातल्या प्रत्येक मदतनीस साधनावर पेन्सिलने काट मारा: पॅराशूट नाही, ऑटोपायलट नाही, हवामानाचं चित्र नाही, जीपीएस नाही. जीपीएसची काट काल्पनिक नाही. दिल्लीच्या विमानतळाजवळ नोव्हेंबर २०२५ मध्ये खोट्या जीपीएस संकेतांच्या घटना झाल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. प्रत्येक काटेनंतर विचारा, तरी निघालो असतो का? उत्तर 'नाही' आलं तर त्या दिवशी ते उड्डाण तुमचं नाही, त्या साधनाचं आहे. आणि एकदा उडालात की काट पुसून टाका, हाताशी जे आहे ते सगळं लवकर वापरा. आपल्या मर्यादा आदल्या रात्री लिहून ठेवा: ढगाचा तळ किती, दृश्यता किती, आडवा वारा किती, उतरताना इंधन किमान किती. धावपट्टीच्या कडेला उभं राहून लिहिलेल्या मर्यादा नेहमी त्या दिवसाच्या हवेत नेमक्या बसतात.

प्रश्नोत्तरांतून काही:

एका विद्यार्थिनीने विचारलं, की मग सुरुवातीला गोल काट्यांच्याच विमानावर शिकावं का? तसं मला वाटत नाही. ज्या विमानात पुढे उडायचं आहे त्यावर शिका. पण इन्स्ट्रक्टरला सांगून दर काही उड्डाणांनी वेगाची पट्टी कागदाने झाकून घ्या आणि सेसना १७२ फक्त इंजिनाच्या फेऱ्या आणि नाकाची जागा यांवर उडवा. समतल उड्डाणाला किती फेऱ्या, फ्लॅप खाली करून उतरताना किती, हे आकडे आपल्या विमानासाठी स्वतः वहीत लिहा, पाठ करा. पट्टी काढल्यावर वेग पाच नॉटच्या आत असला पाहिजे. पिटो तुंबल्यावर हीच वही उपयोगी पडते.

दुसऱ्या एका श्रोत्याने विमान स्वतःहून उतरवणाऱ्या यंत्रणेबद्दल विचारलं. गार्मिनच्या ऑटोलँडला २०२० मध्ये मान्यता मिळाली. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने बटण दाबायचं, विमान जवळची योग्य धावपट्टी निवडतं, रेडिओवर स्वतः बोलतं, उतरतं आणि इंजिन बंद करतं. डिसेंबर २०२५ मध्ये कोलोरॅडोत एका किंग एअर विमानात केबिनचा दाब गेला, यंत्रणा आपोआप सुरू झाली. वैमानिक शुद्धीवर होते, तरी त्यांनी ती बंद केली नाही आणि तिलाच विमान उतरवू दिलं. यावरून त्यांना नावं ठेवणारेही निघाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. दाब गेल्यावर आपलं डोकं नीट चालतंय की नाही हे त्याच डोक्याने ठरवायचं असतं.

शेवटी घोडबंदर रोडवरून आलेल्या एका काकांनी विचारलं, मुलगी फ्लाइंग स्कूलला चाललीय, शाळा निवडताना आम्ही, ज्यांना यातलं काही कळत नाही, काय बघायचं? डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांचं मानांकन सुरू केलं आहे, ते आधी बघा. विमानं नवी आहेत का आणि पडदे किती मोठे आहेत, हे शेवटी विचारा. हवामानामुळे विद्यार्थ्याने स्वतः उड्डाण रद्द केलं तर पैसे कापतात का? सोलोसाठी हवामानाच्या लेखी मर्यादा आहेत का, आणि इन्स्ट्रक्टरच्या मर्यादा वेगळ्या आहेत का? विमानाच्या बिघाडांची वही विद्यार्थ्यांना बघायला मिळते का? जमलं तर पावसाळ्यात एक चक्कर मारा, ब्रीफिंगच्या खोलीतला फळा बघा. त्या दिवशी रद्द झालेली उड्डाणं त्यावर लिहिलेली आहेत का आणि प्रत्येकापुढे कारण आहे का, हे वाचायला वैमानिक असावं लागत नाही.